दाराजवळचा शेवटचा बाक

तुळजा मिस दुसरीतल्या पोरांना अहो-जाहो करतात, हे सौम्याने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला वाटलं, बाई टोमणा मारतायत. जूनमधली सकाळ होती. चेन्नईच्या वेलचेरीतल्या त्या शाळेच्या फाटकाशी शेअर ऑटो एकमेकींना खेटून उभ्या होत्या. वर्गाच्या दारात पंचावन्नच्या आसपासची एक ठेंगणी बाई उभी होती. इस्त्रीची सुती साडी, केसांत मोगऱ्याचा इवलासा तुकडा. एकेका सात वर्षांच्या जिवाला ती तमिळमधून आत घेत होती. "वांगा जननी, या. रिबन छान बांधलीत. श्रीवत्स, वांगा. आज डबा विसरला नाहीत ना?" आणि पोरंही ऑफिसात शिरणाऱ्या साहेबांसारखी मान हलवत आत जात होती.

सौम्याची हरिप्रिया, घरातली हरू, आईच्या ओढणीला धरून उभी होती. मिसनी हातातल्या यादीतलं आडनाव पाहिलं, एकदा सौम्याकडे पाहिलं आणि सरळ मराठीत म्हणाल्या, "या हरिप्रिया. किती उंच आहांत तुम्ही. शेवटच्या बाकाच्या राणी."

"तुम्ही मराठी?" सौम्याच्या तोंडून निघून गेलं.

"आम्ही तंजावरचे. इथें येऊन तीनशें वर्षें झालीं. तुम्ही कधी आलांत?"

"सहा वर्षं झाली. सांगलीहून. यांची नोकरी इथे."

"मग नवीनच म्हणायच्या," मिस म्हणाल्या आणि पुढच्या पोराकडे वळल्या.

सौम्या त्या दिवशी घरी गेली ती हलक्या मनाने. परक्या गावात मुलीला आपल्या भाषेची बाई मिळाली, आणखी काय हवं. हे हलकं मन जेमतेम तीन आठवडे टिकलं.

त्या शाळेत एक पद्धत होती, चेन्नईतल्या बऱ्याच शाळांत असते तशी. शिक्षिका वर्गाबाहेर गेली किंवा दुसऱ्या कामात असली की वर्गाची लीडर फळ्याच्या कोपऱ्यात बोलणाऱ्यांची आणि जागेवरून उठणाऱ्यांची नावं लिहायची. पुन्हा उठलं की नावापुढे फुली. बाकीच्यांनी हाताची घडी घालून तोंडावर बोट ठेवून बसायचं. दुसरीची लीडर जननी होती, दोन घट्ट वेण्यांची, अक्षर मोत्यासारखं. जुलैपासून त्या मोत्यासारख्या अक्षरात रोज एक नाव असायचं, आणि त्यापुढे कधी चार फुल्या, कधी सहा. हरिप्रिया.

"उठतेस कशाला गं?" सौम्या विचारायची.

हरू खांदे उडवायची.

जुलैतच एकदा ती म्हणाली होती, "मला फळा दिसत नाही." दुसऱ्याच दिवशी अनिकेतने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, सुट्टी टाकली आणि तिघं नुंगंबाक्कमला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. सौम्याच्या घराण्यात चष्मे लवकर लागतात. तिने मनातल्या मनात गुलाबी फ्रेमसुद्धा ठरवून टाकली होती. डॉक्टरांनी अक्षरं वाचून घेतली, औषध घालून आत पाहिलं आणि म्हणाले, डोळे उत्तम आहेत, गरुडासारखे. लिफ्टमधून खाली येताना सौम्या हरूला म्हणाली, "डॉक्टर म्हणाले दिसतंय, म्हणजे दिसतंय. आता हे निमित्त पुन्हा सांगायचं नाही. कबूल?"

"कबूल," हरू म्हणाली.

आणि तिने शब्द पाळला. त्यानंतर फळा दिसत नाही असं ती एकदाही म्हणाली नाही. फक्त उठत राहिली.

मग कान तपासून झाले. एका समुपदेशक बाईंकडे चार शनिवार घालवले. त्यांनी हरूकडून झाड काढून घेतलं, घर काढून घेतलं आणि सांगितलं, मुलगी हुशार आहे, थोडी चंचल आहे, घरात शिस्त हवी. सौम्याने शिस्त आणली. फ्रिजवर एक तक्ता चिकटवला, चांगल्या दिवसाला चांदणी, वाईट दिवसाला फुली. संध्याकाळी दहा मिनिटं जेवणाच्या टेबलाशी हाताची घडी आणि तोंडावर बोट, असा सराव सुरू केला. हरू तो सराव इतका निर्दोष करायची की सौम्याला त्याचाच राग यायचा. घरी दहा मिनिटं पुतळ्यासारखी बसणारी मुलगी शाळेत मुद्दामच उठते, याची तिला खात्री पटली.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गणिताच्या तासाला हरू वर्गातून नाहीशी झाली. तुळजा मिस फळ्यावर लिहीत होत्या, वळल्या तर शेवटचा बाक रिकामा. मुलांना सांभाळणाऱ्या आया धावल्या, वॉचमनने फाटक लावून घेतलं. मुलगी सापडली ती बाहेरच्या व्हरांड्यात, खिडकीच्या गजांशी. पण तोवर मुख्याध्यापिका अलमेलू मॅडमपर्यंत गोष्ट गेली होती. सोमवारी सौम्याच्या हातात पत्र पडलं. भाषा सभ्य होती. पाल्याच्या वर्तनात सुधारणा दिसली नाही तर जानेवारीतल्या ओपन क्लासनंतर तिला तिसरीत घ्यायचं की दाखला द्यायचा, याचा निर्णय शाळा घेईल. तोवर वर्गशिक्षिकेला भेटावं.

सौम्याने ते पत्र पर्समध्ये ठेवलं आणि दिवसातून चार वेळा उघडून पाहिलं. सात वर्षांच्या मुलीला शाळा नको म्हणते, हे सांगलीला कसं सांगायचं? दुसऱ्या शाळेत जुना दाखला पाहून काय विचारतील? आणि हरूला काय सांगायचं, की तुझ्या मैत्रिणी तिसरीत जातील आणि तू जाणार नाहीस?

भेट शुक्रवारी चारला ठरली होती. सौम्या पाऊण तास आधीच पोचली. शाळा नुकतीच सुटली होती. हरू खाली मैदानात आयांजवळ थांबली. सौम्या दुसरीच्या वर्गात गेली तर समोर टेबलाशी कोणी नाही. तिने वळून पाहिलं, तर दाराजवळच्या शेवटच्या बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन, पदर खोचून तुळजा मिस बसल्या होत्या. मांडीवर एक जाडजूड, पिवळी पडलेली वही. डोळे मिचकावत त्या फळ्याकडे बघत होत्या.

"या हरिप्रिया अम्मा," त्या न उठताच म्हणाल्या. तिथे मुलाच्या आईला असंच म्हणतात. "घाबरूं नका, मला वेड लागलेलें नाही. वॉचमनला मात्र तसें वाटतें. दर शुक्रवारी ही म्हातारी पोरांच्या बाकावर काय करते म्हणून तो आधीं खिडकीतून बघायचा. आतां कॉफी आणून देतो."

"दर शुक्रवारी?"

"एकेका शुक्रवारी एकेक जागा. वर्गात एकेचाळीस मुलें, सगळ्या जागा व्हायला वर्ष जातें. पाव तास बसायचें आणि वहींत लिहायचें, तिथून काय दिसतें, काय ऐकूं येतें."

मग त्यांनी सांगितलं ते असं. तंजावरला त्या शाळेत शिकत होत्या तेव्हा वर्गात एक खांब होता, जुन्या इमारतीतला, दोन माणसांच्या कवेत न मावणारा. मुली उंचीप्रमाणे बसवायचे. ठेंगण्या असूनही त्यांच्या वाट्याला खांबामागची जागा आली, कारण त्या वर्षी कावीळ झाल्यामुळे उशिरा दाखल झाल्या. तीन वर्षं त्या खांबाकडे तोंड करून शिकल्या. बाईंच्या हातातली छडी दिसायची नाही, फक्त आवाज यायचा. प्रश्न विचारला की दचकून उभ्या राहायच्या. तुळजा मंद आहे, असं सगळ्यांनी ठरवलं. वडील वीज मंडळात कारकून होते, त्यांनीही मान्य केलं. आईने स्वयंपाक लवकर शिकवायला घेतला.

"चौथ्या वर्षीं कनका टीचर आल्या. एके दिवशीं त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला. शिवायला बसायचें म्हणून त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. अंगठा शिवून वर पाहिलें, तर समोर खांब. त्यांनी माझ्याकडे पाहिलें. माझी पाटी उचलली, मला उचललें आणि पहिल्या ओळींत नेऊन बसवलें." मिस हसल्या. "त्या एका दिवसांत मी हुशार झालें. आमच्या घरांत सगळे म्हणाले, देवीला बोललेला नवस पावला."

लग्न होऊन त्या चेन्नईला आल्या. नवरा राणोजी गिंडीला एका छोट्या कारखान्यात लेथवर होते, पुढे सुपरवायझर झाले. बी.एड. त्यांनी मुलं झाल्यावर केलं, रात्रीच्या गाडीने तंजावरला जाऊन परीक्षा दिल्या. एकतीस वर्षांत शाळा दोन, वह्या अकरा. बढती एकदाही मागितली नाही, कारण सुपरवायझर टीचरला स्वतःचा वर्ग नसतो. अहो-जाहो करण्याची सवय माहेरची. त्यांच्या घरात पाळण्यातल्या पोरालाही आजोबा "उठा आतां" म्हणायचे. सुरुवातीला बाकीच्या शिक्षिका हसायच्या. त्या म्हणायच्या, हसा, पण एक करून बघा. ज्याला आपण अहो म्हणतो त्याच्यावर हात उगारून बघा, उगारला जातो का.

सौम्या हे ऐकत उभी होती, आणि पर्समधलं पत्र तिला तापलेल्या तव्यासारखं वाटत होतं. शेवटी न राहवून तिने विचारलं, "मिस, पण हरू पळाली कशाला?"

"तेंच बघतें आहें." मिसनी वहीतून दुसरी वही काढली. ती हरूची गणिताची वही होती. "पळून जाणारें मूल वही घेऊन पळतें काय? व्हरांड्यांत सांपडली तेव्हां हातांत पेन्सिल होती. आणि हीं पाहा, त्या दिवशींचीं गणितें. सहाच्या सहा उतरवलेलीं, पान नंबरासकट. तीन बाकावर बसून उतरवलीं, अक्षर वेडेंवांकडें, आंकडे चुकलेले. पुढचीं तीन खिडकीशीं उभें राहून, वही गजाला टेकवून. आंकडे एकदम बरोबर. तुम्ही बसा इथें."

सौम्या बसली. बाक दोघांचा होता, पण एकेचाळिसावं मूल एकटंच उरतं आणि सगळ्यांत उंच म्हणून ती हरूच होती. सौम्याने फळ्याकडे पाहिलं. डावीकडे मिसचं अक्षर दिसत होतं, स्वच्छ. मधोमध ते फिकट होत गेलं होतं, आणि उजवा तिसरा हिस्सा नव्हताच. तिथे फक्त एक पांढरा झगझगीत पट्टा होता, नजर ठरत नव्हती. भिंतीवरची ट्यूबलाईट त्या गुळगुळीत फळ्यावर सरळ पडत होती आणि तिथून नेमकी या बाकावर येत होती. मान डावीकडे केली तर पट्टा हलायचा, पण जायचा नाही. तो जायला उठावं लागत होतं.

ती उठली. अक्षरं दिसली. पान क्रमांक, गृहपाठ, गणिताची शेवटची ओळ. मिस हे सगळं उजव्या कोपऱ्यात लिहायच्या. ती बसली. पट्टा आला. पुन्हा उठली.

"एक फुली झाली तुमची," मिस म्हणाल्या.

सौम्याला हसू आलं नाही. ती हळूच म्हणाली, "तिनं मला सांगितलं होतं. जुलैत. मी डोळे तपासले, आणि मग तिला सांगितलं, हे निमित्त पुन्हा सांगायचं नाही."

मिसनी ती पिवळी वही उघडून सौम्यापुढे धरली. गेल्या फेब्रुवारीतली नोंद होती. शेवटचा बाक, दाराजवळ. उत्तम जागा. वारा येतो. फळा पूर्ण दिसतो.

"तेव्हां काळा फळा होता. मेच्या सुट्टींत शाळेने हे पांढरे बसवले. मी जूनमध्यें वही काढून वाचली, उत्तम जागा, आणि तुमच्या मुलीला तिथें बसवलें. बाकावर परत बसलें नाहीं. वहीवर भरंवसा ठेवला." त्यांनी वही मिटली. "तुम्ही एक चूक केलीत, मी एक केली. मुलीने एकही नाहीं. तिला तर दोघींनी गप्प केलें आणि तरी ती फळा वाचायला उठत राहिली. मला अशा विद्यार्थिनी एकतीस वर्षांत चार-पांचच मिळाल्या."

ते वाक्य सौम्याने घरी येईपर्यंत मनात घोळवलं. घरी आल्यावर एक गोष्ट केली. जेवणाच्या टेबलाशी हरूच्या खुर्चीत जाऊन बसली. समोर फ्रिज होता आणि फ्रिजवर तो तक्ता. ऑक्टोबरमधल्या शाळेच्या वीस दिवसांत सतरा फुल्या. पोरगी रोज त्या बघत बघत पोळी खात होती. सौम्याने तो तक्ता काढला. चिकटपट्टीचे चार डाग राहिले, ते खरवडूनही गेले नाहीत.

सोमवारी हरू शाळेतून आली ती बूट न काढताच बोलायला लागली. "आई, मिस मला सॉरी म्हणाल्या."

"कशाबद्दल?"

"उभं राहून म्हणाल्या. सगळ्यांसमोर. म्हणाल्या, हरिप्रिया, तुम्हाला फळा दिसत नव्हता आणि मी बघितलं नाही, माझी चूक झाली. मग त्यांनी सगळ्यांना एकेक करून माझ्या बाकावर बसवलं. श्रीवत्स म्हणाला, अय्यो, इथून तर काहीच नाही. जननी पण बसली." हरू थांबली. "मिस मोठ्या आहेत ना? मग सॉरी कसं म्हणाल्या?"

"मोठ्या आहेत म्हणून," सौम्या म्हणाली, आणि मग, कारण आता टाळणं शक्यच नव्हतं, स्वतःही सॉरी म्हणाली. हरूने मान डोलावली आणि विचारलं, "आता बिस्किट खाऊ?"

ट्यूबलाईट बंद झाली. खिडक्यांचा उजेड पुरेसा होता. मिसनी उंचीप्रमाणे बसवणं सोडून दिलं, दर सोमवारी सगळ्या रांगा एकेक बाक पुढे सरकायला लागल्या. सौम्याला वाटलं, सुटलो. पण हरू उठतच राहिली. दिसत होतं तरी उठायची. श्रीवत्सच्या बाकाशी जायची, खिडकीपर्यंत जाऊन यायची. एकदा त्याने तिला "फुलीवाली" म्हटलं म्हणून तिने त्याची कंपासपेटी खाली ढकलली. सौम्या धास्तावून पुन्हा मिसकडे गेली.

"चार महिने वर्गाने तिला एकच गोष्ट शिकवली, कीं ही उठणारी मुलगी," मिस म्हणाल्या. "ट्यूबलाईट बटणाने बंद होते. हें व्हायला वेळ लागेल."

"वेळ जानेवारीपर्यंतच आहे."

"ठाऊक आहे."

मिसनी हरूला सांगितलं, तुम्हाला वाटेल तेव्हा उठा, विचारू नका. फक्त परत आल्यावर मला एक गोष्ट सांगायची, उठल्यावर काय पाहिलंत. पहिल्या दिवशी हरू अकरा वेळा उठली आणि अकरा गोष्टी सांगून आली. कावळा. श्रीवत्सचं नाक. पंख्याच्या पात्यावरची धूळ. दुसऱ्या दिवशी सात. पुढच्या आठवड्यात तिला सांगायला काही सुचेना. "रोज तोच कावळा," ती वैतागून म्हणाली, आणि बसून राहिली.

फळ्यावरची नावं मात्र मिस बंद करू शकत नव्हत्या. तो शाळेचा नियम होता, आणि जननीचा अभिमानही. त्यांनी जननीला बोलावून सांगितलं, "तुम्ही नावं लिहा, पण नुसतं नाव अर्धं काम आहे. शेजारी कारणही लिहा. विचारून." जननीने ते मनावर घेतलं. आता फळ्याच्या कोपऱ्यात असं दिसायला लागलं. श्रीवत्स, पेन्सिलीला टोक, डबा लांब. हरिप्रिया, तहान. श्रीवत्स, पुन्हा टोक. दहा दिवसांत त्या यादीवरून मिसनी कचऱ्याचा डबा मधल्या रांगेत आणला, पाण्याच्या बाटल्यांची टोपली दाराजवळून हलवून खिडकीखाली ठेवली, आणि एका मुलाच्या बाकाचा हलणारा पाय सुताराकडून ठोकून घेतला. फुल्या काढायला जननीला जागाच उरली नाही. कारणं विचारत फिरल्यामुळे तिच्या नकळत तिच्या मैत्रिणी वाढल्या, त्यात हरूही आली.

जानेवारीत पोंगलच्या सुट्टीनंतर ओपन क्लास होता. पालकांनी मागच्या भिंतीशी खुर्च्यांवर बसायचं आणि तासभर वर्ग बघायचा. शाळेचे करस्पाँडंट, म्हणजे शाळा चालवणारे मालक, कृष्णस्वामी, दरवर्षी त्या दिवशी वर्गावर्गातून फिरायचे. पंचाहत्तरीचे, पांढरीशुभ्र वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, कपाळावर बोटभर वैष्णवी नाम. त्यांच्या आगमनाआधी सगळी शाळा हाताची घडी आणि तोंडावर बोट, अशी बसायची. दुसरीचा वर्गही बसला होता. अलमेलू मॅडमनी तशी सूचनाच दिली होती.

सौम्या मागे बसली होती, ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळत. हरू मधल्या रांगेत, पाठ ताठ. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर त्या आठवड्यात श्रीवत्स होता. पाहुण्यांसाठी म्हणून आयाने सकाळीच वर्गातले सगळे दिवे लावून ठेवले होते. मिस फळ्यावर वजाबाकी लिहीत होत्या, पाठमोऱ्या. कृष्णस्वामी आले, अलमेलू मॅडम आल्या, वर्ग एका सुरात नमस्कार म्हणून पुन्हा घडी घालून बसला. पंखा सोडून कशाचा आवाज नव्हता.

आणि हरू उठली.

सौम्याचा हात आपोआप वर गेला, बस खाली, अशी खूण करायला. नेमक्या त्याच क्षणी तुळजा मिस फळ्यापासून वळल्या. त्यांनी हरूकडे पाहिलं नाही. सौम्याकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली, नको. सौम्याने हात मांडीवर ठेवला.

हरू बाकांमधून चालत गेली, भिंतीशी पोचली, टाचा उंच करून एक बटण खाली केलं. फळ्यासमोरची ट्यूबलाईट विझली. ती परत फिरली.

"कोणी सांगितलं उठायला?" कृष्णस्वामींनी तमिळमध्ये विचारलं. आवाज चढा नव्हता.

"कोणी नाही," हरू म्हणाली. तिचं तमिळ आईपेक्षा शंभरपट चांगलं होतं. "तिथून श्रीवत्सला दिसत नाही. फळ्यावर उजेड पडतो."

"मला तर इथून दिसत होतं."

"तुम्ही तिथे बसून बघा ना," हरू म्हणाली. अगदी सन्मानाने, जसं तिच्याशी रोज कोणी बोलत होतं तसं. "मी दिवा लावते."

अलमेलू मॅडम पुढे झाल्या. म्हाताऱ्यांनी त्यांना हातानेच थांबवलं. श्रीवत्सने जागा करून दिली. कृष्णस्वामी वेष्टी सावरत, बाकाला धरत, एक गुडघा आत आणि एक बाहेर ठेवून कसेबसे बसले. हरूने दिवा लावला. त्यांनी पाहिलं. तिने बंद केला. त्यांनी पाहिलं. "पुन्हा," ते म्हणाले. तिने पुन्हा लावला.

"अलमेलू, हे फळे किती खोल्यांत बसवले आपण?"

"चौदा, सर."

"चौदाही खोल्यांत असं बसून बघायला हवं." ते उठायला लागले, श्रीवत्सच्या खांद्याचा आधार घेत. "मी नाही. माझे गुडघे एवढ्यातच संपले. पण कोणीतरी."

"मी बसेन, सर," तुळजा मिस म्हणाल्या. "मला सवय आहे."

तास संपला. पालक व्हरांड्यात आले. सौम्याला ते पत्र तसंच लटकत ठेवायचं नव्हतं, तिला उत्तर हवं होतं. ती अलमेलू मॅडमपुढे जाऊन उभी राहिली, पर्स उघडली. मॅडमनी पत्राच्या घडीकडे पाहिलं, ते हातात घेतलं, दोनदा दुमडून स्वतःच्या डायरीत घातलं आणि त्याच डायरीतून एक छापील कागद काढून दिला. तिसरीच्या पुस्तकांची यादी होती. "गणिताचं पुस्तक एप्रिलमध्येच घ्या, जूनमध्ये मिळत नाही," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या वर्गाकडे गेल्या.

सौम्या यादी हातात धरून वर्गात परत शिरली, हरूची बाटली राहिली होती म्हणून. वर्ग रिकामा झाला होता. तुळजा मिस पदर खोचून पुसणं हातात घेऊन फळ्याशी उभ्या होत्या. अर्धा फळा पुसून झाला होता. उजव्या कोपऱ्याशी त्या थांबल्या होत्या.

"हें तुम्ही बघून घ्या, मग पुसतें," त्या म्हणाल्या.

कोपऱ्यात जननीचं मोत्यासारखं अक्षर होतं. इतक्या मोठ्या माणसांसमोरही तिने आपलं काम चोख केलं होतं. एकच नाव होतं. हरिप्रिया. आणि शेजारी कारण, तमिळमध्ये. सौम्याला तमिळ वाचायला वेळ लागतो. तिने एकेक अक्षर जुळवत वाचलं. श्रीवत्सला दिसत नव्हतं.

सौम्याने मोबाईल काढला आणि त्या नावाचा फोटो घेतला. मग सरळ यावा म्हणून, दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसून आणखी एक घेतला. तिथून सगळं स्पष्ट दिसत होतं.